खटका, उंदीर आणि तगरीचं फूल

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? ठीक.

येताना कुंपणाजवळच्या झाडाचं एक फूल खिशात घालून आणलंय. पांढरं, भिंगरीसारख्या पाकळ्यांचं. ओळखलंत. तगर. आपल्याकडे सकाळी देवपूजेसाठी फुलं तोडणारी माणसं जास्वंद आणि तगर यांच्याच जीवावर असतात. देठ मोडला की पांढरा चीक येतो आणि हाताला चिकटतो. (आयुर्वेदात ‘तगर’ नावाचं जे मूळ वापरतात ती वनस्पती वेगळी. नाव एक, झाडं दोन.) या फुलझाडाचं जुनं शास्त्रीय नाव होतं ‘कोरोनारिया’, म्हणजे हारांत ओवायची. त्या नावावरून या झाडातल्या एका रसायनाला कोरोनॅरिडीन म्हणतात. या कोरोनॅरिडीनची थोडी बदललेली, प्रयोगशाळेत बनवलेली एक आवृत्ती आहे. ती दिली की व्यसन लावलेले उंदीर मॉर्फीन कमी घेतात, कोकेन कमी घेतात, दारू कमी पितात. तिचं नाव १८-मेथॉक्सीकोरोनॅरिडीन. जीभ वळत नाही, म्हणून सगळे तिला १८-एमसी म्हणतात. आज तिचा इतिहास सांगणार आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. घरी जाऊन कुणी तगरीचा काढा करायचा नाही. या झाडात इतरही बरीच तीव्र रसायनं आहेत. शिवाय १८-एमसी तगरीत नसतं, ते माणसानं बनवलेलं आहे.

हा विषय मी का घेतला? माझे एक मामा होते. नोकरी बरी, स्वभाव गरीब, आणि रोज संध्याकाळी दारू. तेव्हा एसटी स्टँडच्या भिंतींवर जाहिराती असायच्या, आजही असतात: ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’. मामीनं अशीच एक पावडर मागवली आणि चहातून द्यायला लागली. तिनं मनाशी हिशोब मांडला होता. रोजची अर्धी बाटली पावावर आली तरी पुरे. दोन महिन्यांनी मामांना डब्यामागे पुडी सापडली. आरडाओरडा झाला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी घरचा चहा सोडला, मग हळूहळू घरचं जेवणही. दारू होती तेवढीच राहिली.

मामीचा तो हिशोब, ‘किती पितो ते कमी झालं पाहिजे’, तुम्ही लक्षात ठेवा. कारण प्रयोगशाळेचा हिशोबही तोच आहे. तो कुठून आला, त्यानं काय मिळवून दिलं आणि तो कुठे तोकडा पडतो, हे मला आज बघायचंय.

उंदराला व्यसन कसं लावतात

आपल्याला वाटतं, प्राण्याला दारू दिली की झालं. तसं नसतं. बहुतेक उंदरांना दारूची चव आवडतच नाही. १९४० साली अमेरिकेत कर्ट रिश्टर यानं एक साधी पद्धत वापरली: पिंजऱ्याला दोन नळ्या लावायच्या, एकीत पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेला अल्कोहोल. रोज कोणत्या नळीतून किती गेलं ते मोजायचं. ‘दोन बाटल्यांची निवड’ म्हणून ही पद्धत आजही चालते. पुढे फिनलंडमध्ये आणि अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात संशोधकांनी, जे उंदीर आपणहून जास्त अल्कोहोल घेतात त्यांचीच पिढ्यान् पिढ्या पैदास करून दारूप्रिय वाण तयार केले. गायीगुरांचे वाण करतात तसेच.

दुसरा धागा १९५४ चा. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचा सौम्य झटका देत होते. मेंदूत काही जागा अशा निघाल्या की तिथे झटका मिळावा म्हणून उंदीर स्वतःच खटका दाबायला लागले, तासाला शेकडो वेळा. आनंदाला, निदान हवंसं वाटण्याला, मेंदूत पत्ता आहे असं पहिल्यांदा दिसलं.

तिसरा धागा सगळ्यात महत्त्वाचा. १९६२ साली जेम्स वीक्स या संशोधकानं ‘सायन्स’ नियतकालिकात एक पद्धत मांडली. उंदराच्या मोठ्या शिरेत बारीक नळी बसवायची, ती पाठीवरून बाहेर काढून पंपाला जोडायची. उंदीर पिंजऱ्यात मोकळा फिरतोय. त्यानं खटका दाबला की मॉर्फीनचा छोटा डोस थेट रक्तात. बाहेर एक यंत्र, जे दाबलेला प्रत्येक खटका नोंदवतं.

या पद्धतीनं काय केलं बघा. व्यसन ही तोवर डॉक्टरांची, पाद्र्यांची, पोलिसांची आणि घरच्यांची गोष्ट होती. आता ती आकड्याची गोष्ट झाली. काल ताशी तीस खटके, औषध दिल्यावर दहा. म्हणजे औषध ‘काम करतं’. इतकं स्वच्छ मोजमाप मिळाल्यावर जगभरच्या औषधशास्त्रज्ञांना प्रश्न पडणारच होता: असा कोणता पदार्थ आहे, जो दिल्यावर उंदीर खटका कमी दाबेल?

गाबॉनचं मूळ

उत्तराचा एक तुकडा आफ्रिकेतून आला. तोही प्रयोगशाळेतून आला नाही.

मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गाबॉन नावाचा देश आहे. तिथल्या जंगलात इबोगा नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या मुळाची साल कडू आणि तीव्र. तिथल्या बविती परंपरेत दीक्षेच्या वेळी ही साल खातात. थोडी खाल्ली तर शिकारीला जाणाऱ्या माणसाला रात्रभर जागं ठेवते. दीक्षेत मात्र इतकी देतात की माणूस दीड-दोन दिवस पडून राहतो, दृश्यं बघतो, पूर्वजांना भेटतो अशी तिथली समजूत आहे. सोबत सबंध गाव असतं, वीणा असते, रात्रभर गाणं असतं. हे सगळं एकट्यानं करायचंच नसतं.

गाबॉन फ्रेंच वसाहत होता, त्यामुळे मुळं फ्रान्सला गेली. १९०१ साली तिथे या मुळातून इबोगेन वेगळं काढलं. पुढे फ्रान्समध्ये ‘लांबारेन’ नावाच्या गोळ्या निघाल्या. लांबारेन हे गाबॉनमधल्याच गावाचं नाव, अल्बर्ट श्वाइट्झर यांचं हॉस्पिटल जिथे होतं ते. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून साधारण तीस वर्षं या गोळ्या थकव्यावर, आजारपणानंतरच्या अशक्तपणावर विकल्या जात होत्या. डोस अगदी लहान. व्यसनाशी त्यांचा कुणी संबंध जोडला नव्हता.

तो संबंध जोडला हॉवर्ड लॉट्सॉफ या एकोणीस वर्षांच्या न्यूयॉर्कच्या मुलानं, १९६२ साली. वीक्सचा उंदीर खटका दाबायला शिकला त्याच वर्षी. योगायोग आहे, त्यात फार अर्थ शोधू नका. लॉट्सॉफला स्वतःला हेरॉइनचं व्यसन होतं. नवी नशा म्हणून त्यानं इबोगेन घेतलं. दीड दिवसानं भानावर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हेरॉइन घेतलेलं नाही, तरी अंग मोडत नाहीये आणि तलफही नाहीये. त्याच्या ओळखीतल्या काही व्यसनी मित्रांचाही अनुभव तसाच होता.

तो काही डॉक्टर नव्हता. त्याचं कोण ऐकणार? त्यात १९७० च्या अमेरिकी कायद्यानं इबोगेन सगळ्यात कडक बंदीच्या यादीत गेलं. लॉट्सॉफ मात्र हटला नाही. १९८५ साली त्यानं हेरॉइनच्या व्यसनावर इबोगेन वापरण्याचं पेटंट मिळवलं आणि संशोधकांची दारं ठोठावत राहिला. २०१० मध्ये तो वारला, तोवर हेच करत होता. ही साखळी लक्षात घ्या: गाबॉनच्या लोकांचं ज्ञान, मग एका व्यसनी मुलाचा अनुभव, आणि त्यानंतर कुठे प्रयोगशाळा. आपण औषधांचा इतिहास नेहमी उलटा सांगतो.

ग्लिक यांचे उंदीर

१९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की मॉर्फीनची सवय लागलेल्या उंदरांना मॉर्फीन तोडल्यावर होणारा त्रास इबोगेननं कमी होतो. आणि १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी मेडिकल कॉलेजच्या स्टॅन्ली ग्लिक यांच्या गटानं तो प्रयोग केला ज्याची सगळे वाट बघत होते. वीक्सची पद्धत, शिरेत नळी, समोर खटका. मॉर्फीन घेणाऱ्या उंदरांना इबोगेनचा एकच डोस दिला. खटके घटले. नुसते त्या दिवशी नव्हे. काही उंदरांत दुसऱ्या दिवशीही कमी, काहींत त्याहून जास्त दिवस. इबोगेन शरीरातून बरंचसं निघून गेलं तरी परिणाम मागे राहत होता. व्यसनाच्या औषधांत हे फार विलक्षण. नेहमीची औषधं रोज घ्यावी लागतात.

पण त्याच पिंजऱ्यात दुसरंही काही दिसत होतं. इबोगेन दिलेले उंदीर थरथर कापायचे. आणि सुरुवातीला ते पाण्यासाठीचाही खटका कमी दाबायचे. म्हणजे मॉर्फीनची इच्छा गेली, की जनावर नुसतं आजारी पडलं?

१९९३ साली याहून वाईट बातमी आली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ओहर्न आणि मॉलिव्हर यांनी उंदरांना मोठा डोस दिला, किलोमागे १०० मिलिग्रॅम, आणि मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. लहान मेंदूत तोल सांभाळणाऱ्या पर्किंजे पेशी असतात. त्यांतल्या काही पेशी ओळीनं मेलेल्या दिसल्या. ग्लिक वापरत होते तो डोस याच्या निम्म्याहून कमी होता आणि त्या पातळीला असं नुकसान नंतरच्या तपासणीत दिसलं नाही. पण शंका बसली ती बसली. हृदयाचाही प्रश्न होता. इबोगेन हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय बिघडवू शकतं. बंदी असल्यामुळे ते खासगी खोल्यांत, परदेशी दवाखान्यांत दिलं जात होतं. १९९० ते २००८ या काळात इबोगेन घेतल्यानंतर झालेल्या १९ मृत्यूंचा अभ्यास पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत अनेकांना आधीपासून हृदयाचा त्रास होता, काहींनी सोबत इतर पदार्थ घेतले होते.

म्हणून ग्लिक यांनी रसायनशास्त्रज्ञाची मदत घेतली. व्हरमाँट विद्यापीठात मार्टिन कुने नावाचे गृहस्थ या कुळातले रेणू जोडण्यात वाकबगार होते. प्रश्न सोपा विचारला गेला: फायदा ठेवून कापरं काढता येईल का? कुने रेणू बनवायचे, ग्लिक उंदरांवर बघायचे. बरेच रेणू झाले. त्यांतल्या एकाचा पाया म्हणजे आपल्या तगरीतलं कोरोनॅरिडीन. ते इबोगेनचं चुलत भावंड. त्याच्या शेपटीच्या टोकाला, अठराव्या क्रमांकाच्या कार्बनवर, ऑक्सिजन आणि कार्बनची एक छोटी जोडी बसवली की झालं १८-मेथॉक्सीकोरोनॅरिडीन.

१९९६ साली निकाल छापून आला. १८-एमसी दिलेल्या उंदरांनी मॉर्फीनसाठीचे खटके कमी केले, कोकेनसाठीचेही. पाण्यासाठीचे मात्र कमी केले नाहीत. हा मुद्दा फार मोलाचा. उंदीर आजारी नाही, सुस्त नाही, तहान लागली की उठून पाणी पितोय. अंगाला कापरं नाही. आणि ज्या मोठ्या डोसला इबोगेननं पर्किंजे पेशी मारल्या, त्या डोसला १८-एमसीनं तसं केलं नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘बिनविषारी’ असा शब्द आहे. शास्त्रज्ञ सहसा इतके मोकळेपणानं खूश होत नाहीत.

पुढच्याच वर्षी अमीर रेझवानी आणि सहकाऱ्यांनी मघाशी सांगितलेल्या दारूप्रिय वाणाच्या उंदरांना हेच दिलं. अल्कोहोल पिणं घटलं. मग निकोटीनवर प्रयोग झाले, तेही घटलं. अफूवर्गातला मॉर्फीन, कोकेन, दारू, तंबाखूतलं निकोटीन, हे चार पदार्थ मेंदूत चार वेगळ्या दारांनी शिरतात. एकच किल्ली चारही दारांना कशी लागते?

ग्लिक आणि त्यांच्या सहकारी इझाबेल मेझोनव्ह यांनी याचा अनेक वर्षं माग काढला. व्यसनाची चर्चा आली की आपण डोपामिनचं नाव ऐकतो. मेंदूतल्या त्या डोपामिनच्या हमरस्त्याला बाजूनं एक जुनी गल्ली येऊन मिळते. तिची सुरुवात हबेन्युला नावाच्या छोट्याशा भागात होते. तिथे निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या एका खास प्रकारच्या रिसेप्टरची दाटी असते आणि १८-एमसी नेमकं ते रिसेप्टर अडवतं. या गल्लीत थेट १८-एमसी सोडलं तरी उंदीर मॉर्फीन कमी घेतात, असं २००६ च्या सुमारास दिसलं. म्हणजे हमरस्ता बंद न करता बाजूच्या गल्लीतून गर्दी आवरायची. कल्पना सुंदर आहे. त्या काळात कुणी विचारलं असतं, तर मीही म्हटलं असतं की दहा वर्षांत गोळी येईल.

साखरेचा प्रश्न

आता जरा थांबू या. २००८ साली ऑल्बनीच्याच गटानं आणखी एक प्रयोग छापला. या वेळी खटक्यामागे मॉर्फीन नव्हतं, साखरेचं पाणी होतं. १८-एमसी दिल्यावर उंदरांनी साखरेसाठीचे खटकेही कमी केले. साखरेच्या पाण्यावर ठेवलेल्या उंदरांचं वाढणारं वजनही रोखलं गेलं, आणि त्यांचं रोजचं साधं खाणं मात्र कमी झालं नाही. संशोधकांनी विचारलं: हे लठ्ठपणावरचं औषध होऊ शकेल का?

बातमी म्हणून चांगलीच आहे. पण यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. पाण्याला धक्का नाही, जेवणाला धक्का नाही. पण मॉर्फीन कमी, दारू कमी आणि गोडही कमी. मग हे औषध व्यसन कमी करतंय, की एकूणच ‘मजा म्हणून हवं’ हा भागच खाली आणतंय? उंदराला विचारता येत नाही. दिवाळीत करंजी पुढे केली आणि त्यानं नको म्हटलं, तर तो बरा झाला की उदास झाला, हे खटका मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही.

हा प्रश्न हवेतला नाही. रिमोनाबांट नावाचं एक औषध होतं. त्यानंही प्राण्यांमधलं खाणं, दारू, निकोटीन घटवलं होतं. २००६ मध्ये युरोपात वजन कमी करण्यासाठी त्याला परवानगी मिळाली. मग लोकांना नैराश्य यायला लागलं, आत्महत्येचे विचार यायला लागले. २००८ मध्ये ते युरोपच्या बाजारातून काढलं, पाठोपाठ आपल्याकडेही बंद झालं. आकडा खाली आला होता, माणूसही खाली आला होता. १८-एमसी तसंच आहे असं मी म्हणत नाही. त्याचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. मी एवढंच म्हणतोय की पिंजऱ्यातला आकडा हा फरक दाखवू शकत नाही.

दुसरी शंका पिंजऱ्याबद्दलच. कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस विचारलं: एकट्या पिंजऱ्यात, करायला दुसरं काही नाही, समोर एकच नळी, मग उंदीर दुसरं करणार काय? त्यांनी एक ऐसपैस जागा केली. लाकडाचा भुसा, डबे, खेळायला वस्तू, नर-माद्या एकत्र, पिल्लंसुद्धा. तिला ‘रॅट पार्क’ म्हणतात. तिथल्या उंदरांनी मॉर्फीनचं पाणी एकट्या उंदरांपेक्षा बरंच कमी घेतलं. हा निकाल पुढे सगळ्यांना तसाच मिळाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण २०१८ मध्ये अमेरिकेत मार्को व्हेनिरो आणि सहकाऱ्यांनी वीक्सच्या खटक्याशेजारी दुसरा खटका लावला. पहिला दाबला की मेथॲम्फेटामिन किंवा हेरॉइन, दुसरा दाबला की दार उघडून दुसरा उंदीर भेटायला. व्यसन लागलेल्या उंदरांनीही बहुतेक वेळा सोबतीचा खटका निवडला.

म्हणजे १९६२ पासून आपण जे मोजत आलो ते खरं होतं, पण ते एकट्या उंदराचं मोजमाप होतं.

मग ही गोळी दुकानात का नाही?

काही कारणं अगदी रुक्ष आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संस्थेनं इबोगेनच्या माणसांवरच्या चाचण्यांना पैसे न देण्याचा निर्णय घेतला, आणि या सगळ्या कुळाकडेच मोठ्या कंपन्या साशंकपणे बघायला लागल्या. व्यसनी माणूस हा औषध कंपनीला ‘गिऱ्हाईक’ म्हणून आवडत नाही. तो चाचणी अर्ध्यात सोडतो, त्याच्याकडे पैसे नसतात, आणि ज्याचा एकच डोस पुरेल असं औषध विकून नफा तो काय होणार? २०१२ च्या सुमारास एका छोट्या अमेरिकी कंपनीला सरकारी निधी मिळाला. माणसांना १८-एमसी पहिल्यांदा दिलं गेलं ते ब्राझीलमध्ये २०१४ साली, आणि तेही व्यसनासाठी नव्हे. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांना हाच रेणू लीशमानियाच्या परजीवीवर चालताना दिसला होता. आपण ज्याला काळा आजार म्हणतो, त्याच्या कुळातले परजीवी. पुढे माइंडमेड या कंपनीनं व्यसनासाठी पहिल्या टप्प्यातल्या चाचण्या ऑस्ट्रेलियात केल्या. २०२२ मध्ये त्यांनी पैसे दुसऱ्या औषधांकडे वळवले आणि हे काम बाजूला ठेवलं. १९९६ ते २०२२. एका माणसाच्या नोकरीचा बहुतेक काळ.

याचा अर्थ उंदरांवरून काहीच मिळत नाही असा काढू नका. नाल्ट्रेक्सोन बघा. १९८० मध्ये माकडांवर, १९८६ मध्ये उंदरांवर दिसलं की या औषधानं दारू पिणं घटतं. १९९२ मध्ये फिलाडेल्फियातल्या व्होल्पिचेली यांच्या गटानं ७० पुरुषांवर १२ आठवड्यांची चाचणी छापली. साधी गोळी मिळालेल्यांत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के, पुन्हा जोरात प्यायला लागले. नाल्ट्रेक्सोन मिळालेल्यांत २३ टक्के. १९९४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, आज आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञ ते लिहून देतात. पण त्या चाचणीतला प्रत्येक माणूस उपचार केंद्रात येत होता, समुपदेशन घेत होता. गोळी त्या सगळ्याच्या सोबत होती. तिथे दुसरा खटका आधीच होता, असं म्हणा हवं तर.

उंदरांवर नाल्ट्रेक्सोन तपासलं जात होतं त्याच वर्षी, १९८६ मध्ये, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तेव्हा गर्दनं शहरातली तरुण पोरं पोखरली होती. तिथे औषधं होतीच, पण सगळा भर माणसांनी माणसांत राहण्यावर होता: गटात बोलणं, घरच्यांना बोलावणं, बाहेर पडल्यावर पुन्हा येत राहणं. फिलाडेल्फिया आणि पुणे यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण दोघांनी सोडवायला घेतलेली गाठ एकच होती आणि दोघांकडे तिचं एकेक टोक होतं.

गाबॉनमध्ये ही दोन टोकं वेगळी कधी झालीच नव्हती. साल, आणि भोवती गाव. आपण साल उचलली, तिच्यातला रेणू काढला, रेणूतलं कापरं काढलं, दृश्यं काढली आणि त्याबरोबर गावही मागे राहिलं. गाबॉनच्या सरकारनं २००० साली इबोगाला राष्ट्रीय वारसा ठरवलं. आता अमेरिकेत पुन्हा इबोगेनची लाट आली आहे. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं ३० माजी सैनिकांवरचा अभ्यास छापला आणि २०२५ मध्ये टेक्सास राज्यानं चाचण्यांसाठी पाच कोटी डॉलर मंजूर केले. कॅलिफोर्नियात डेव्हिड ऑल्सन यांच्या गटानं १८-एमसीच्याही पुढचा, आणखी सुटसुटीत रेणू बनवलाय, त्याचे प्राण्यांवरचे निकाल २०२० मध्ये आले. पुन्हा तेच वाक्य: दारू कमी पितात, हेरॉइनकडे कमी वळतात. मला आनंद आहे. फक्त पुढचा प्रश्न विचारायला आपण विसरू नये.

समारोप करतो. मामीच्या पुडीत काय होतं ते कधीच कळलं नाही. अशा पुड्यांत कधी राख-मीठ असतं, तर कधी डायसल्फिराम. ते खरं औषध आहे, १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये सापडलेलं. पण ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते घेणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. नकळत देणं हा उपचार नाही. मामी वाईट नव्हती. तिला आकडा कमी करायचा होता, आणि जवळ दुसरं काही नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की मामांनी घरी येऊन चहा घेणं, हाच त्या घरातला दुसरा खटका होता. तोच गेला.

पुढे मामा वर्षभर एका गटाच्या बैठकांना जायला लागले. पुष्कळदा घसरले, पुन्हा गेले. शेवटची तीन-चार वर्षं न पिता काढली. चहा मात्र ते स्वतःच करून घ्यायचे. मामीलाही द्यायचे.

प्रश्न असतील तर घेऊ या.

(श्रोत्यांतून: “सर, पण मग १८-एमसी येणार की नाही?”)

येऊ शकतं. रेणू चांगला आहे, मागे पडला तो बराचसा पैशामुळे. आलं तर मला आनंदच होईल. पण आलं तरी ते कुणाच्या चहात गुपचूप घालायला नको. त्याच्यासमोर ठेवून, सांगून, आणि शेजारी बसून द्यायचं.

(श्रोत्यांतून: “आमच्या घरी असंच आहे. आज रात्री काय करू?”)

ताई, कार्यक्रम संपला की थांबा. आपण बोलू. आणि ती पुडी घरात असेल, तर आज टाकून द्या.